देवळालीचे गणितगुरुजी : दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर



संगणकाच्या तासाला आपणांस जे आरंभीचे पाठ शिकविले जातात, त्यांत यादीचा एक पाठ असतो. आकड्यांची किंवा नावांची लांबलचक यादी संगणकाला द्यावयाची आणि आज्ञा करावयाची, की अमुक अट ज्यांना लागू पडेल तेवढे घटक गाळ आणि उरलेले दाखव. काम ऐकावयास सोपे वाटते. परंतु ज्याने ते एकदा तरी केले आहे त्याला ठाऊक असते, की पहिल्या खेपेस उत्तर बहुधा चुकते. गाळावयाचे ते राहून जाते आणि राखावयाचे ते गळून जाते.

हेच काम एका मराठी शाळाशिक्षकांनी, संगणक दृष्टीसही पडत नव्हता अशा काळात, केवळ कागद आणि पेन्सिल यांच्या साहाय्याने केले. आपल्या नल्लकुंट्याहून निघावे, नांदेड-परभणीच्या वाटेने मनमाडला जावे, तेथे गाडी बदलावी, नाशिक रोड मागे टाकावे, की देवळाली हे गाव येते. त्या गावी तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना गणित शिकविणाऱ्या ह्या गुरुजींचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जगातील गणितप्रेमी लोक आज त्यांना ओळखतात. पण त्यांच्या हयातीचा फार मोठा भाग उपेक्षेत गेला. त्यांचे चरित्र आपण जाणून घ्यावे, आणि त्याबरोबरच यादीतून गाळण्याची कलाही त्यांच्यापाशी शिकावी, हा ह्या लेखाचा हेतू आहे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी मुंबईच्या उत्तरेस समुद्रकाठी असलेल्या डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असतानाच मातृछत्र हरपले आणि त्यांच्या संगोपनाचा सारा भार वडिलांवर आला. वडील कारकुनी करीत. परंतु त्यांना ज्योतिषाचा मोठा नाद होता. ग्रहांची गणिते मांडताना आकडेमोड अखंड करावी लागते. ज्योतिषाचे फळ काहीही असो, त्या आकडेमोडीचे फळ मात्र मुलाच्या पदरात पडले. इतर मुले ज्या वयात आकड्यांना भितात त्या वयात दत्तात्रेयाला आकड्यांची संगत गोड वाटू लागली. पुढे ठाण्याच्या शाळेत शिकत असताना गणितातील कोडी सोडविण्यात त्याचे तासन्‌तास जात.

१९२३ साली त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्याने स्वतःच्या बुद्धीने केलेल्या नव्या गणितकार्यासाठी ते दिले जात असे. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यापुढील उच्च पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. ते देवळालीस शिक्षक झाले आणि १९६२ साली सेवानिवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

ते आकड्यांचा शोध कोठे घेत, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर, जेथे असतील तेथे, असेच द्यावे लागेल. १, १२१, १२३२१ अशा, चढत जाऊन पुन्हा उतरणाऱ्या संख्यांचा विचार त्यांना आगगाडीच्या एका स्थानकावर सुचला. ते स्थानक म्हणजे मुंबईपासून तीस मैलांवरील आजचे डोंबिवली. त्याच्या त्या वेळच्या नावावरून त्यांनी ह्या जातीच्या संख्यांना ‘डेम्लो’ असे नाव देऊन टाकले. ज्या संख्येला तिच्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, तिला त्यांनी ‘हर्षद’ म्हटले. म्हणजे आनंद देणारी. उदाहरणार्थ, १८ ह्या संख्येच्या अंकांची बेरीज ९, आणि ९ ने १८ ला पूर्ण भाग जातो. नावे ठेवण्याची ही हौस पाहिली म्हणजे मन प्रसन्न होते. ज्याला संख्या परक्या वाटत नाहीत तोच त्यांचे असे बारसे करू शकतो.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ ह्या संख्येचा. चारही अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावे, मग चढत्या क्रमाने मांडावे आणि मोठीतून लहान वजा करावी. वजाबाकीवर पुन्हा तीच क्रिया करावी. मात्र उत्तर चार अंकांहून लहान आले तर मागे शून्य लावून चार अंक पुरे करावे. असे करीत गेल्यास फार तर सातव्या खेपेस ६१७४ ही संख्या समोर येऊन उभी राहते आणि मग हलत नाही; कारण ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी पुन्हा ६१७४ च उरतात. १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणितपरिषदेत कापरेकरांनी हा शोध मांडला. आज त्या संख्येस जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

परंतु आपल्या आजच्या विषयाशी ज्याचे निकटचे नाते आहे तो शोध निराळा आहे. तोही त्यांनी १९४९ सालीच प्रथम मांडला. त्याची क्रिया तिसरीतल्या मुलासही करता येईल इतकी सोपी आहे. एखादी संख्या घ्यावी आणि तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवावी. ३७ घेतले, तर ३ आणि ७ मिळून १०. म्हणून ३७ पासून ४७ निर्माण झाले. ४७ पासून ५८, ५८ पासून ७१. येथे ३७ ही ४७ ची जनक संख्या झाली. अशा रीतीने बहुतेक संख्यांना कोणी ना कोणी जनक असतो. कापरेकरांनी प्रश्न उलट बाजूने विचारला : जिला मुळीच जनक नाही अशी संख्या असते काय?

असते, आणि अशा संख्या पुष्कळ आहेत. त्यांना मराठीत स्वयंभू संख्या म्हणतात. जो देव कोणी घडविला नाही, आपल्या आपण प्रकट झाला, त्याला आपण स्वयंभू म्हणतो. तसेच हे आहे. गुरुजींच्या गावावरून ह्यांना देवळाली संख्या असेही एक नाव पडले आहे. १ ते १०० पर्यंत १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७ अशा तेरा स्वयंभू संख्या सापडतात.

ह्या कशा शोधाव्यात? येथेच यादीतून गाळण्याचा प्रश्न उभा राहतो. १ पासून १०० पर्यंत संख्या ओळीने लिहाव्यात. १ पासून २ निर्माण होते, म्हणून २ वर काट मारावी. २ पासून ४ निर्माण होते, म्हणून ४ वर काट मारावी. ३ पासून ६, ४ पासून ८, ५ पासून १०, असे शेवटपर्यंत जावे. ज्यांच्यावर काट पडली नाही त्या स्वयंभू.

आता एक गोष्ट बारकाईने पाहा. २ वर तर आपण आधीच काट मारली होती. मग तिच्याकडून ४ का काढून घेतले? समजा, एखाद्या उतावळ्या मुलाने काट मारण्याऐवजी रबराने २ पुसूनच टाकली. मग तो १ वरून थेट ३ वर जाईल. ४ चा जनक यादीत राहिलाच नाही, म्हणून ४ वर कोणी काट मारणार नाही आणि ती खोटी स्वयंभू म्हणून शेवटी उभी राहील. तसेच ६ पुसली तर १२ खोटी उरेल. एक चूक अशा रीतीने पुढे चुका प्रसवीत जाईल. म्हणून नियम असा, की खूण आधी करावी आणि गाळणी सर्वांत शेवटी करावी. बाद झालेल्या संख्येचेही काम अजून शिल्लक असते.

ज्यांनी मूळ संख्या काढण्याची एरातोस्थेनिसची चाळणी शिकली आहे, त्यांना येथे शंका येईल. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख असलेल्या ह्या पंडिताने २ च्या पटीतील संख्या गाळाव्यात, मग ३ च्या पटीतील गाळाव्यात, अशी युक्ती सांगितली. तेथे ४ पुसून टाकली तरी बिघडत नाही. कारण ४ च्या पटीतील प्रत्येक संख्या २ च्या पटीत आधीच बाद झालेली असते. त्या चाळणीत बाद झालेल्यांना काही करावयाचे उरत नाही. कापरेकरांच्या चाळणीत मात्र उरते. दोन्हींचा व्यवहार वरवर सारखा दिसतो, पण आतला न्याय वेगळा आहे. म्हणूनच गाळण्यापूर्वी नुसती अट पाहून चालत नाही. जो घटक आपण गाळतो त्यावर आणखी कोणाचे काही अवलंबून आहे काय, हेही पाहावे लागते.

संगणकाला आज्ञा देताना ह्याच्या जोडीला आणखी एक खाचखळगा असतो. समजा, यादीत ४, ६, ७, ८ ह्या संख्या आहेत आणि सम संख्या गाळावयाच्या आहेत. संगणक पहिल्या जागी येतो, ४ पाहतो आणि ती काढून टाकतो. त्याबरोबर मागच्या साऱ्या संख्या एकेक पाऊल पुढे सरकतात आणि ६ पहिल्या जागी येऊन बसते. संगणक मात्र पहिली जागा तपासून झाली असे समजून दुसऱ्या जागी जातो. तेथे त्याला ७ भेटते. ६ त्याच्या दृष्टीस पडतच नाही. पुढे ८ गळते आणि शेवटी ६ व ७ उरतात. प्रार्थनेच्या रांगेतून एकेक मुलगा बाहेर काढीत शिक्षक पुढे चालले असता रांगही पुढे सरकली, तर एखादा मुलगा नजरेतून सुटतो, तसाच हा प्रकार आहे. ह्यावर दोन उपाय आहेत. एक, यादी शेवटाकडून आरंभाकडे तपासावी, म्हणजे सरकणाऱ्या संख्या आधीच तपासून झालेल्या असतात. दुसरा आणि अधिक निर्धोक उपाय असा, की जुन्या यादीला हातच लावू नये. उरावयाच्या तेवढ्या संख्या वेगळ्या नव्या यादीत उतरवून घ्याव्यात.

एखादीच संख्या स्वयंभू आहे की नाही हे पाहावयाचे असेल, तर सारी यादी मांडण्याचीही जरुरी नाही. दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज १८ हून अधिक होऊ शकत नाही. म्हणून तिचा जनक असलाच तर तो तिच्यामागील अठरा संख्यांतच असणार. ५३ साठी ३५ ते ५२ पर्यंतच्या संख्या तपासाव्यात. ४४ पासून ५२ होतात, ४५ पासून एकदम ५४ होतात, आणि इतरांपैकीही कोणाकडून ५३ होत नाहीत. म्हणून ५३ स्वयंभू.

कापरेकर एवढ्यावर थांबले नाहीत. काही संख्यांना एकाहून अधिक जनक असतात, हे त्यांनी पाहिले. १०१ ही अशी सर्वांत लहान संख्या. ती ९१ पासूनही होते आणि १०० पासूनही होते. अनेक मार्ग जेथे एकत्र येतात त्या रेल्वेस्थानकाला जंक्शन म्हणतात, म्हणून ह्या संख्यांना त्यांनी जंक्शन संख्या म्हटले. तीन जनक असलेली सर्वांत लहान संख्या १००००००००००००१ ही आहे, म्हणजे दोन टोकांना एकेक १ आणि मध्ये बारा शून्ये. तिचे जनक १०००००००००००००, ९९९९९९९९९९९०१ आणि ९९९९९९९९९९८९२ हे होत. कोणाला प्रत्यय पाहावयाचा असेल तर त्याने अंकांच्या बेरजा करून पाहाव्यात. ही संख्या कापरेकरांना ठाऊक होती. चौदा अंकांच्या संख्येचे तीन जनक संगणकावाचून हाती येण्यास आकड्यांवर किती प्रेम आणि मनात किती धीर असावा लागतो, ह्याचा विचार वाचकांनीच करावा.

असे असूनही विद्वानांच्या मंडळीत त्यांना मान मिळाला नाही. हे सारे आकड्यांचे खेळ आहेत, ह्यात खोल गणित नाही, असे म्हणून देशातील पुष्कळ गणितज्ञांनी त्यांची थट्टा केली. त्यांच्या आक्षेपात काही तथ्य होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अंकांवर आधारलेले हे गुणधर्म आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो म्हणून दिसतात. दुसऱ्या पायावर संख्या लिहिल्या तर ५३ सारखी संख्या स्वयंभू राहीलच असे नाही. परंतु आक्षेप कार्यावर घेणे निराळे आणि कार्य करणाऱ्याला यादीतूनच काढून टाकणे निराळे. कापरेकरांपाशी वरची पदवी नव्हती, विद्यापीठातील पद नव्हते. होती ती एका लहान गावातील शिक्षकाची नोकरी. मोठ्या नियतकालिकांची दारे त्यांना क्वचितच उघडली गेली. त्यांचे बरेचसे लेखन लहानसहान नियतकालिकांत आले, अथवा त्यांनीच छापविलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध झाले. स्वयंभू संख्यांवरील त्यांची पुस्तिका १९६३ साली अशीच देवळालीहून खाजगी रीतीने प्रसिद्ध झाली.

त्यांनी कोणाशी भांडण मांडले नाही आणि आपला अभ्यासही सोडला नाही. ते गणिताच्या परिषदांना जात, आपले शोध वाचून दाखवीत आणि परत येऊन मुलांना शिकवीत. आसपासच्या शाळा-महाविद्यालयांतून त्यांना व्याख्यानास बोलावणे येई, आणि मुले त्यांच्या गणितात रंगून जात. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेसे नव्हते, म्हणून उतारवयातही त्यांना गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या करून चरितार्थ चालवावा लागला. तरीही संख्यांशी चाललेला त्यांचा व्यवहार खंडित झाला नाही.

१९७५ च्या मार्च महिन्यात चित्र पालटले. मार्टिन गार्डनर हे अमेरिकन लेखक ‘सायंटिफिक अमेरिकन’ ह्या मासिकात गणितरंजनाचे सदर लिहीत असत आणि ते सदर देशोदेशी वाचले जाई. त्यांनी त्या महिन्याच्या सदरात कापरेकरांची व त्यांच्या संख्यांची ओळख करून दिली. तोपर्यंत सत्तरी गाठलेल्या ह्या वृद्ध गुरुजींचे नाव त्यानंतर दूरदूरच्या गणितप्रेमी लोकांच्या तोंडी झाले. १९८६ साली कापरेकरांचे देहावसान झाले.

त्यांच्या शोधाचा प्रवास मात्र थांबला नाही. स्वयंभू संख्या संख्यारेषेवर किती दाट पसरल्या आहेत, हा प्रश्न इटलीचे गणितज्ञ झान्निएर यांनी हाती घेतला आणि १९८२ साली त्यांनी सिद्ध केले, की कितीही पुढे गेले तरी त्यांचे प्रमाण शून्याकडे ढळत नाही, ते एका ठराविक मूल्याशी स्थिर राहते. हे प्रमाण दहामागे एक याहून किंचित कमी आहे. ज्याला खेळ म्हणून हिणविले, त्यातून असा गंभीर प्रश्न निघाला. पुढे १९९८ साली अमेरिकेच्या मध्यविभागात झालेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रोग्रामिंग स्पर्धेत हाच प्रश्न घालण्यात आला : १०००० च्या आतील सर्व स्वयंभू संख्या काढणारी आज्ञावली लिहा. प्रश्नाच्या आरंभी कापरेकरांचे नाव होते. तेव्हापासून देशोदेशीचे विद्यार्थी सरावासाठी तो प्रश्न सोडवीत आले आहेत. संगणक ते काम पापणी लवते न लवते तोच करतो. पण खूण आधी आणि गाळणी शेवटी, हा विवेक आज्ञा लिहिणाऱ्यालाच ठेवावा लागतो.

ज्या दोनावर आपण आरंभी काट मारली तिने चाराचा निकाल लावला होता, हे पुन्हा आठवा. कापरेकरांच्या नावावरही विद्वानांनी अशीच एक काट मारली होती. ती काट मारली जाऊनही त्यांच्या हातून निघालेले प्रश्न दुसऱ्यांच्या हाती कार्य करीत राहिले. सुदैवाने ती नुसती खूण होती. त्यांचे नाव कोणी पुसून टाकले नव्हते. वर्गात एखादा मुलगा गुणांच्या यादीत मागे पडला, अथवा एखाद्या अटीत बसला नाही, म्हणजे त्याच्यापासून आता काही निष्पन्न होणार नाही असे मानण्याची घाई आपणही करू नये.

आता शेवटी एक लहानसे काम. आपल्या नल्लकुंट्यात घरांच्या पाट्यांवर आडव्या रेघांनी जोडलेले तीन-चार आकडे असतात. आज घरी गेल्यावर आपल्या पाटीवरील शेवटचा आकडा कागदावर लिहून घ्या. तो तीन अंकी असेल तर त्याच्यामागील सत्तावीस संख्या तपासा, कारण तीन अंकांची बेरीज २७ हून अधिक होत नाही. त्यांपैकी एखादीत तिच्याच अंकांची बेरीज मिळविल्यावर तुमचा आकडा निघाला, तर त्याला जनक आहे. एकीतूनही निघाला नाही, तर तुमच्या दारावर स्वयंभू संख्या आहे. आई-वडिलांना आणि आजी-आजोबांना बोलावून ती दाखवा, आणि देवळालीच्या त्या गुरुजींचे नाव त्यांना अवश्य सांगा.